बुधवारचा बाजार : घरच्या भाजीखर्चाची नोंदवही

३१ मे २०२५, शनिवार

आज कंपनीला सुट्टी. सकाळी चहाबरोबर फोन घेऊन बसले आणि मे महिन्यात खाण्यापिण्यावर गेलेला पैसा एकेक करून वहीत उतरवला. किराणा ६,३५०. भाजी ३,८६०. दूध २,७९० (रोज दीड लिटर, ६० रुपयांनी). फळं १,६४०, त्यात मुख्य आंबे. अंडी-चिकन १,३५०. बाहेरचं, म्हणजे रविवारची मिसळ, मुलाचं क्लासबाहेरचं सँडविच, असलं सगळं, २,२५०. बेरीज १८,२४०. खाणारी तोंडं पाच: मी, नवरा, आई (सासूबाई), अकरावीच्या प्रवेशाची वाट बघणारा मुलगा आणि सहावीत जाणारी मुलगी.

नवरा म्हणाला, "महागाईच एवढी झालीय." मीही मान डोलावली असती, पण तेवढ्यात फ्रिजचा खालचा ड्रॉवर पुसायला बाहेर ओढला. आत कोथिंबिरीच्या तीन जुड्या. एक हिरवी, एक पिवळी आणि तिसरी पिशवीला चिकटलेली. तिला जुडी म्हणायचं की पाणी, ते ठरेना. मागे अर्धी काकडी होती, उचलायला गेले तर बोट आत गेलं.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात क्वालिटीला (माल तपासणीला) आहे. हजार नगांत पाच खराब निघाले की आमच्याकडे मीटिंग लागते. घरात किती टक्के माल वाया जातो ते मात्र आजवर कुणी मोजलेलं नाही. म्हणून ही वही. रकाने पाच: काय आणलं, वजन, भाव, किती टाकलं, आणि पोटात गेलेल्या किलोला काय पडलं. मुदत गणपतीपर्यंत.

४ जून, बुधवार

पहिली पाळी साडेतीनला सुटली, तशीच स्कूटर गंगेवर नेली. बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि बुधवारचा बाजार तिच्या काठावर भरतो.

पालेभाजीला हात लावायची सोय नाही. यंदा मान्सून २४ मेलाच केरळात उतरला आणि दोन दिवसांत मुंबईत आला. त्याआधीही मे महिनाभर वळीव कोसळत होता. शेतात उभी मेथी-कोथिंबीर झोपली. गावठी कोथिंबिरीची जुडी ३०, मेथी ३५. गिलके (घोसाळी) ६० रुपये किलो, दोडके ७०, बटाटे ३०.

एक गोष्ट आज पहिल्यांदा जाणवली. भाव कुणीच किलोचा सांगत नाही. "पंधराला पाव" म्हटलं की कानाला पंधराच ऐकू येतं, ६० ऐकू येत नाही. आणि पाव किलो कोण घेतं? पाच माणसांना अर्धा किलो लागतोच. गिरणारे गावच्या एका भाजीवाल्या मावशींना विचारलं, किलोचा भाव का नाही सांगत? त्या म्हणाल्या, "किलोचा सांगितला तर ताई तुम्ही पुढं जाता."

आणलेली भाजी ११.४ किलो.

५ जून, गुरुवार

ऑनलाइन मागवलेला स्वयंपाकघरातला वजनकाटा आला, ३४९ रुपये. कॅलिब्रेशन न करता त्याच्यावर विश्वास ठेवणं मला जमणार नाही. डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेला आणि जेवणाच्या सुट्टीत लॅबमधली प्रमाण वजनं ठेवून बघितली. एक किलोला १,००२ ग्रॅम, अर्ध्याला ५०१. भाजीला पुरेसं आहे. लॅबमधला मुलगा म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट बनवू का?" सगळे हसले. मी त्याच्याकडून काट्यावर तारखेचं स्टिकर लावून घेतलं.

७ जून, शनिवार

आठवड्याचा तक्ता करून फ्रिजवर लावला. सोमवार फ्लॉवर-बटाटा, मंगळवार गवार, असं सात दिवस, दोन वेळा. आईंनी चष्मा लावून वाचला. "छान आहे," म्हणाल्या, आणि गवार निवडायला बसल्या. गवार मंगळवारी होती. पण ती आजच कडक होती. मंगळवारपर्यंत नुसते दोरे उरले असते.

११ जून, बुधवार

पहिल्या आठवड्याचा हिशेब. ११.४ किलोपैकी १.९ किलो कचऱ्यात. यात सालं-देठं धरलेली नाहीत. चांगली आणलेली आणि घरात खराब झालेली भाजी फक्त. टक्केवारी १६.७. एवढं रिजेक्शन कंपनीत आलं असतं तर ग्राहकाने अख्खा लॉट गेटवरून परत पाठवला असता.

तक्ता बुधवार उजाडायच्या आधीच मेला. कारणं वहीत लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा तीच चूक नको. तक्त्यात भाजी आधी ठरते आणि बाजारात मग जातो. फ्लॉवर ८० रुपये किलो असला तरी तक्त्यात आहे म्हणून घेतला, आणि शेजारीच डांगर (लाल भोपळा) ३० रुपये होतं ते सोडलं. दुसरं, तक्त्याला भाजीचं आयुष्य कळत नाही. मेथी शुक्रवारी लिहिली होती. मेथीला शुक्रवार ठाऊक नसतो.

संध्याकाळी निफाडहून धाकटा भाऊ टेम्पोबरोबर आला. ५० किलोची गोणी, उन्हाळ कांदा. पैसे घेत नव्हता. मी लासलगाव बाजारातल्या दराने हिशेब लावला, क्विंटलला साधारण दीड हजार, म्हणजे ७५० रुपये, आणि ते त्याच्याबरोबर आलेल्या भाच्याच्या हातात दिले. बाजारात किरकोळ कांदा २५ ला किलो आहे. म्हणजे मी ५०० रुपये वाचवले, असं आज तरी वाटतंय. भाऊ जाताना एवढंच बोलला, "ताई, यंदाचा माल पावसात सापडलाय. चाळीत लावला तोच ओला होता. बघत राहा." (चाळ म्हणजे शेतातली कांदा साठवायची शेड.)

१४ जून, शनिवार

सुट्टीचा पूर्ण दिवस उताऱ्यात घालवला. साखर कारखाने उसाचा उतारा काढतात तसा मी भाजीचा काढला: आणलेलं वजन, निवडून-सोलून उरलेलं वजन, आणि त्यावरून उरलेल्याचा खरा भाव.

मेथीची जुडी मुळं-मातीसकट ४२० ग्रॅम. निवडलेली पानं १६५. जुडी ३५ ची, म्हणजे निवडलेली मेथी २१२ रुपये किलो. दोनदा गुणाकार केला. फ्लॉवरचा गड्डा ९०० ग्रॅम, ७२ रुपयांचा. पानं आणि दांडा गेल्यावर ४८० ग्रॅम तुरे, म्हणजे १५० रुपये किलो. गवार अर्धा किलो ५० ची, दोरे काढून ४५५ ग्रॅम, ११० ने पडली. गिलके किलोचे ८९०, म्हणजे ६७ ने. डांगर किलोचं ८१०, फक्त ३७ ने.

दोडक्याचा आकडा मी ९२ लिहिला होता (किलोचे ७६०). आईंनी वही बघितली आणि विचारलं, "शिरा कुठे गेल्या?" शिरा मी सालांच्या ताटात टाकल्या होत्या. त्यांनी त्या वेचून काढल्या, तव्यावर तेलाच्या चार थेंबांवर कुरकुरीत केल्या, तीळ, सुकं खोबरं आणि लसूण घालून चटणी केली. शिरा भरल्या १२० ग्रॅम. मग दोडका पडला ८० ने. खोडून दुरुस्त केलं. कंपनीत याला रीवर्क म्हणतात आणि त्याचा वेगळा रकाना असतो. माझ्या वहीत नव्हता, आता आखला.

"मेथीच्या कोवळ्या काड्या?" आईंचा पुढचा प्रश्न. त्याही गेल्या होत्या. त्यांच्या हिशेबाने त्या बारीक चिरून डाळीत जातात. पुढच्या जुडीला बघू.

१८ जून, बुधवार

ओव्हरटाइम लागला, बाजारात पोचले साडेसातला. दिवे लागलेले, अर्धी पथारी उठलेली. या वेळेला पाव-किलो संपतं आणि वाटे सुरू होतात. "घ्या ताई, सगळं घ्या, वीसला." वांग्यांचे दोन मोठे वाटे, टोमॅटो, ढोबळी मिरची. १३ किलो भाजी ३४० रुपयांत. गेल्या बुधवारी चार वाजता ११ किलोला ५६० गेले होते. पिशवी दंडाला कापत होती पण डोक्यात विजयाची तुतारी वाजत होती.

२४ जून, मंगळवार

विजयाची तपासणी. उशिराच्या मालातले २.९ किलो गेले, २२ टक्के. वांग्यांत आळी, टोमॅटोला खालून पाणी. तरी प्रामाणिकपणे भागाकार केला तर उरलेली १०.१ किलो भाजी ३४ रुपयांनी पडली, आणि आधीच्या आठवड्याची चार वाजताची (११ पैकी १.३ गेली) ५८ ने. म्हणजे माझा अंदाज चुकला. एवढी नासाडी होऊनही उशिराचा बाजार स्वस्तच.

पण मग पाच दिवस वांगं. भरीत, भरलं वांगं, वांगी-बटाटा, वांग्याचे काप, पुन्हा भरीत. तिसऱ्या दिवशी मुलीचा डबा तसाच परत आला. चौथ्या दिवशी मुलाने क्लासबाहेर खाल्लं, नवऱ्यानेही कुठेतरी. कस्टमर रिटर्न धरायचे तर बाहेरचे ३८० रुपये यातच मिळवायला हवेत: ३४० अधिक ३८०, भागिले १०.१. किलोला ७१.

भाव आणि वजन दोन्ही बरोबर होतं. खाणाराच हिशेबात धरला नव्हता.

२५ जून, बुधवार

तक्ता नवा, वेगळ्या तऱ्हेने. वारांपुढे भाज्यांची नावं नाहीत. बाजार बुधवारी, म्हणून बुधवार-गुरुवार जे सर्वांत आधी मान टाकतं ते: पालेभाजी, गवार, भेंडी. शुक्रवार-शनिवार गिलके, दोडके, वांगी. रविवार-सोमवार कोबी, डांगर, बटाटा. मंगळवारी ड्रॉवर रिकामा असायला हवा: मोडाची मटकी किंवा पिठलं. नाव बाजारात ठरेल, जागा फ्रिजवर ठरलेली. कंपनीत स्टोअरला "आधी आलं ते आधी बाहेर" असं लिहिलेलं असतं, इथे "आधी मरेल ते आधी ताटात".

आईंना वाचून दाखवलं. "मग वेगळं काय? असंच तर करतात," म्हणाल्या. वीस वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात वावरून मला हे दिसलं नव्हतं, कारण भाजी मी आणायचे आणि क्रम त्या लावायच्या. गुडघ्यामुळे त्यांनी ओट्याजवळ उभं राहणं कमी केलं दोन वर्षांपूर्वी. ड्रॉवरातली कोथिंबीर तेव्हापासूनची.

तेलाचीही नोंद आजच. सरकारने ३० मेला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ते शून्यावरून २० केलं तेव्हा दुकानात भाव आठवड्यात चढला होता. आता महिना होत आला, दुकानदार म्हणतो, जुना माल आहे. असेल. पण त्याच्याकडे सूर्यफुलाच्या दोन पिशव्या शेजारी लटकत होत्या, एक १५८ ची, एक १४८ ची, उंचीला सारख्या. दहा रुपये वाचतात म्हणून हात दुसरीकडे गेला, आणि सवयीने मागची बाजू वाचली. पहिली १ लिटर, म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. दुसरीवर लिटर शब्दच नाही, ८४० ग्रॅम. पहिली १७४ रुपये किलो, दुसरी १७६. २०२२ पासून ठरावीक मापांतच पाकिटं विकायचं बंधन गेलं आणि त्याबदल्यात पाकिटावर एककाचा भाव छापणं आलं. छापलेला असतो. मुंगीच्या अक्षरात, पिशवीच्या दुमडीत.

२ जुलै, बुधवार

महिन्याचा किराणा. तूरडाळ १२० ने मिळाली. मागच्या जुलैची पावती डब्याच्या तळाशी सापडली, तीवर १७५. तुरीची शुल्कमुक्त आयात मार्च २०२६ पर्यंत चालू आहे आणि हमीभाव क्विंटलला ७,५५० असताना बाजार समित्यांत तूर त्याच्याखाली चाललीय. आमच्या वरणाचे ५५ रुपये कुणाच्या तरी रानातून आलेत. कांदेवाल्या घरातली मुलगी आहे मी, डाळ घेताना आनंद अर्धाच होतो. घेतली मात्र चार किलो.

कांद्याची पाहणी: गॅलरीत दोन जाळीच्या कॅरेटमध्ये पसरलाय. तीन आठवड्यांत खाल्ला ७.४ किलो, सडला ३.१. वरून दिसत नाही. एखाद्या कांद्याची मान दाबली की मऊ लागते, आतून पिवळं पाणी सुटतं, आणि त्याच्या आजूबाजूच्या चार कांद्यांवर काजळी धरलेली असते. दर शनिवारी सगळा माल हाताखालून काढायचा, असं ठरवलं. १०० टक्के इन्स्पेक्शन.

४ जुलै, शुक्रवार

कांदेनवमी! माझ्या प्रकल्प आराखड्यातली सर्वांत मोठी चूक आज उघडकीला आली. परवा आषाढी. आई चातुर्मास पाळतात, कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. दरवर्षी पाळतात. लग्नाला १९ वर्षं झाली. आणि जून महिन्यात ५० किलो कांदा घरात घेताना हे मला आठवलं नाही.

आज एका दिवसात २.३ किलो उडवला: भजी, कांद्याचं थालीपीठ, कांद्याची पातळ भाजी, वर दह्यातली कोशिंबीर. मुलगा म्हणाला, असं रोज का नाही? घरात ३७ किलोच्या वर अजून शिल्लक आहे.

९ जुलै, बुधवार

गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. घाटाकडची जागा बाजाराने सोडली, विक्रेते वर रस्त्याला सरकलेत. जागा कमी, चिखल फार, गिऱ्हाईक कमी. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे (पुराचं पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून इथे पूर मोजतात) बघून माणसं पुढच्या बुधवारचा अंदाज बांधत होती. माल थोडा, भाव चढे. टोमॅटो "दहाला पाव". मुंबईला रात्री जाणाऱ्या गाड्यांना चांगला माल आधी जातो, हे नाशिकच्या गिऱ्हाइकाने केव्हाच स्वीकारलंय.

ऑफिसातल्या एकीने दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर दाखवलं: कोथिंबीर १०० ग्रॅम, धुतलेली, मुळं नसलेली, २२ रुपये. मी हसणार होते, पण उतारा आठवला. आमची ३० ची जुडी निवडून ११० ग्रॅम होते, आणि त्यातली निम्मी ड्रॉवरात मरत होती. ॲपवरची फक्त कोथिंबीर घेतली तर परवडते. पण फक्त कोथिंबीर घेता येत नाही, घरपोच आणायचे पैसे टाळायला अजून दोनशेचं काहीतरी टाकावंच लागतं. राहू दे.

कोथिंबिरीचा तोडगा आईंकडून: मुळं कापायची, धुवायची नाही, जुन्या सुती धोतराच्या फडक्यात गुंडाळून डब्यात. मी टिश्यू पेपर वापरत होते. दोन डबे शेजारी ठेवलेत, एकात फडकं, एकात टिश्यू.

१६ जुलै, बुधवार

फडकं सातव्या दिवशी हिरवं. टिश्यू पाचव्या दिवशी पिवळा. या आठवड्यात टाकलेली भाजी ७ टक्के.

२३ जुलै, बुधवार

उद्या दीपअमावस्या, परवापासून श्रावण. चिकनच्या दुकानापुढची रांग कोपऱ्यापर्यंत. आम्हीही रांगेत. नोंद संपली.

३० जुलै, बुधवार

श्रावणात भाजीवाले आणि वाणी दोघं खूश. सोमवार, शनिवार उपास. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिऱ्याच्या लाह्या. उपासाचा दिवस साध्या जेवणापेक्षा महाग पडतो, हे आता आकड्यांत: पाच जणांची साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी-भगर, केळी, दही मिळून ३१०. साधं वरण-भात-भाजी-पोळी, गॅस सोडून, २२० च्या आसपास. मुलं उपास करत नाहीत, खिचडी मात्र खातात.

चातुर्मासामुळे दोन फोडण्या, एक कांदा-लसणाची, एक बिनकांद्याची, असं पंधरा दिवस चाललं. मग मी कंटाळले. आता भाजी सगळ्यांना बिनकांद्याची, हिंग-जिरं-आलं. ज्याला हवा त्याने कच्चा कांदा ताटात घ्यायचा. कांद्याचा खप आठवड्याला किलोच्याही आत आलाय. गोणीतली गोल्टी (बारीक कांदे) शेजाऱ्यांना, धुणं-भांड्याच्या ताईंना, कंपनीतल्या लॅबच्या मुलाला वाटते आहे. लॅबच्या मुलाने विचारलं, टेस्ट रिपोर्ट आहे का सोबत?

२ ऑगस्ट, शनिवार

जुलैची बेरीज: १६,४८०. मे महिन्यापेक्षा १,७६० कमी. भाजी २,९४० वर आली, बाहेरचं १,४८० वर, आंबे संपले म्हणून फळं १,२००. किराणा उलट वाढून ६,७२०. दूध तेवढंच, अंडी-चिकनही तेवढंच. आषाढाने भरपाई करून घेतली.

नवऱ्याला दाखवलं. म्हणाला, "म्हणजे वजनकाट्याचे पैसे वसूल." बाहेरचं ७७० ने का उतरलं ते त्याने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही: मंगळवारी ड्रॉवर रिकामा असतो हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे "आज काय करायचं" या प्रश्नावर येणारी मिसळ बंद झालीय. मटकी भिजलेली असते. एवढंच.

१३ ऑगस्ट, बुधवार

काल जुलैचे महागाईचे आकडे आले. किरकोळ महागाई १.५५ टक्के, जून २०१७ नंतरची सर्वांत कमी. खाद्यपदार्थांची तर उणे १.७६. भाज्या वर्षात २०.६९ टक्क्यांनी उतरल्या, डाळी १३.७६ ने, तेल-तूप १९.२४ ने चढलं, फळं १४.४२ ने.

जेवणाच्या सुट्टीत यावर भांडण. एक म्हणाला, सरकार कुठल्या बाजारात जातं? आज गंगेवर कोथिंबीर २५ ची जुडी आहे. मला दोन्ही खरं वाटतं. तो आकडा गेल्या जुलैशी तुलना करतो, आणि गेल्या जुलैत भाज्या आणि तूर आकाशाला टेकल्या होत्या. आपण तुलना करतो ती मागच्या बुधवारशी. त्यात आपल्याला दुखतं ते महिन्याच्या बेरजेत नाही, त्या एका जुडीत. तूर ५५ रुपयांनी उतरली त्याबद्दल माझ्या तोंडून महिन्यातून एकदा शब्द निघतो. कोथिंबिरीबद्दल आठवड्यातून तीनदा.

पण मग माझा प्रश्न उभाच राहतो: माझे १,७६० कमी झाले ते वहीमुळे की बाजारामुळे? वही बाजूला ठेवून एखादा महिना जुन्या पद्धतीने काढला तरच कळेल. तेवढा कंट्रोल लॉट घरात कोण चालवून घेणार.

२०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी घरांचा खाण्यावरचा हिस्सा ३९.६८ टक्के निघाला होता. आमचा मे महिन्याचा कर्जहप्ता सोडून खर्च ४६,९००, त्यात खाणं ३८.९ टक्के. शाळेत असताना सरासरीच्या जवळ मार्क पडले की बाबा काही बोलायचे नाहीत, तसं वाटलं.

२० ऑगस्ट, बुधवार

कांद्याचा अंतिम हिशेब, आज सगळा माल काट्यावर घेऊन. आलेला ५० किलो. खाल्ला १५.६. सडला-कोंब फुटला म्हणून टाकला ९.५. वाटला १२. सुकून घटला १.४. शिल्लक ११.५. बेरीज जुळते.

७५० भागिले १५.६, म्हणजे आजपर्यंत तोंडात गेलेला कांदा ४८ रुपयांनी पडला. बाजारात तो २५ ने मिळत होता, दर आठवड्याला अर्धा-एक किलो, सडायची जबाबदारी दुसऱ्याची. शिल्लक सगळा धड खाल्ला गेला तर आकडा २८ वर येईल, येणार नाही. वाटलेल्या १२ किलोंना काय भाव लावायचा ते मला जमलं नाही. धुणं-भांड्याच्या ताई परवा अळूची पानं घेऊन आल्या होत्या, तोही रकाना नाही.

भावाला फोन केला. त्याच्या चाळीत किती टक्के गेला विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, तुझा ५० किलोचा हिशेब आहे. आमचं १२० क्विंटल आहे." अजून विकलेला नाही, भाव क्विंटलला आणखी खाली आलाय. मी टक्केवारीचा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

नारळ यंदा ४५ रुपये. मोदकांना पाच घेतले, कानाशी हलवून, पाणी वाजतंय बघून. चार पांढरे शुभ्र. पाचवा फोडला तर आत तांबूस, वास सुटलेला. पाचात एक, २० टक्के. पाणी सगळ्यांत वाजत होतं, म्हणजे माझी चाचणीच बाद आहे. आई म्हणाल्या, डोळे ओलसर दिसले तर घ्यायचा नाही. पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवलं. मोदक २१ च्या जागी १७ झाले, नैवेद्याला ११ ठेवले आणि कुणीच मोजले नाहीत.

संध्याकाळी आरतीनंतर गंगेवर. चतुर्थी आणि बुधवार एकत्र, पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून हाताने पिकवलेल्या, परसातल्या भाज्या लागतात, आणि बायका त्याचे तयार वाटे मांडून बसतात: अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, डांगराची फोड, सुरणाचा तुकडा, एक मक्याचं कणीस, मूठभर चवळीच्या शेंगा. वाटा ८० रुपये. वजन १.३५ किलो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आई आज खुर्ची घेऊन ओट्यापाशीच बसल्या. ऋषीच्या भाजीचं पातेलं समोर. अळूचे देठ सोलून त्यात, माठाच्या दांड्या त्यात, दोडक्याच्या शिरा कोवळ्या होत्या म्हणून तशाच त्यात, डांगर सालासकट. सुरणाला चिंचेचा कोळ. फोडणी नाही, तेल नाही. मीठ, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं. ताटाखाली काटा ठेवला होता, त्याचं स्टिकर वाफेने सुटलं.

टाकलं: सुरणाची साल आणि कणसाचा दांडा, १३० ग्रॅम. दांडा मुलगी अर्धा तास चोखत बसली होती, तेव्हा तो टाकला असं म्हणायचं का, हे ठरायचंय.